माघातली ऊब : घरच्यांना घेऊन बाहेर पडलात का? अनुभव लिहा

होळी पेटली की थंडी पळते असं आपल्याकडे म्हणतात. यंदा होळीला अजून महिना आहे आणि साताऱ्यात आमच्या घरी दुपारी पंखा फिरतोय. परवा आम्ही सगळे मिळून बाहेर पडलो आणि इतकं बरं वाटलं की हा धागा काढतेय. या अवेळी आलेल्या उन्हात तुम्ही घरच्यांसोबत कुठे गेलात, काय खाल्लंत, काय पाहिलंत, ते लिहा. शेताचा बांध असला तरी चालेल.

सुरुवात मी करते. सासूबाईंना संधिवात आहे. दिवाळीनंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. रविवारी सकाळी आपणहून म्हणाल्या, "आज गुडघे बरे आहेत गं. संगमावर न्याल का मला?" दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढंच घेतलं नि निघालो. संगम माहुली शहरापासून पाचेक किलोमीटर. पाणी उतरलेलं, वेण्णा कृष्णेला मिळते तिथे गुडघ्याइतकंच. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या विश्वेश्वराच्या देवळापाशी घाटाच्या काळ्या पायऱ्या चांगल्या तापल्या होत्या. सासूबाईंनी मोजे काढले आणि पावलं दगडावर टेकवून तासभर बसल्या. "शेकायच्या पिशवीपेक्षा हे बरं," म्हणाल्या. लेकीला त्यांनी थोरल्या शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात, त्याचीही समाधी तिथेच आहे. लेकीने तिच्यावर शेवंतीचं फूल ठेवलं. येताना मोहरलेल्या आंब्याखाली गाडी थांबवायला लावून सासूबाई नुसत्या वास घेत बसल्या.

*

तासगावकडून

आमचं बाहेर पडणं म्हणजे बेदाण्याच्या शेडवर जाणं. पण ह्या वर्षी पहिल्यांदा सगळं घर आलं, आईसुद्धा. द्राक्षं डिपिंगच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरली की पुढचं काम ऊन-वाऱ्याचं. कोरडी हवा असली तर माल बारा-पंधरा दिवसांत वाळतो, गारठा राहिला की लांबतो. आणि ढग आलं की आमच्या काळजाचं पाणी होतं. पाऊस शेडात घुसला तर माल काळा पडतो, वर्षाची कमाई जाते. म्हणून हे ऊन लवकर आलं तर आम्हाला गोडच लागतं.

दुपारी शेडाच्या सावलीत भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत. पोरं जाळीखालनं हात घालून अर्धवट वाळलेले मणी खात होती. बाहेरनं सुरकुतलेला आणि आत अजून रस असलेला मणी ज्यानं खाल्लाय त्यालाच त्याची चव कळंल, दुकानात ती मिळत नाही. आईनं मण्यांचा वास घेऊन सांगितलं, अजून चार दिवस लागतील. चारच लागले.

*

कोरेगाव

वरचं वाचून आनंद झाला, पण माझ्याकडे गहू आहे. उशिरा पेरलेला. दाणा भरायच्या वेळी अशी उष्णता आली की दाणा बारीक राहतो. २०२३ चा फेब्रुवारी मला चांगला आठवतो, देशातली फेब्रुवारीची कमाल तापमानाची सरासरी १९०१ पासून सगळ्यात जास्त त्या वर्षी होती. तेव्हा माझी पोती कमी भरली. यंदा हलकं पाणी लवकर दिलंय.

तरी एक सांगतो. एरवी पोरांना विहिरीत चैत्राशिवाय उतरवत नाही, पाणी झोंबतं. परवा उतरवलं. आठ वर्षांच्या लेकीच्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि पायरीवर बसून आजीनं "पाय मार, पाय मार" लावलेलं. तिसऱ्या दिवशी डबा सोडला. दहा हात एकटी आली. गव्हाची काळजी आहेच, पण हेही याच उन्हानं दिलं.

*

सातारा, यवतेश्वर रस्त्याने

कळकळीची विनंती आहे. उन्हामुळे डोंगरावरचं गवत यंदा लवकर वाळलंय. आम्ही सहाजण संध्याकाळी घाटातल्या कठड्याजवळ चहा पीत बसलो होतो, खाली गावातले दिवे लागत होते, आणि वरच्या सोंडेवर नारिंगी रेघ दिसली. वणवा. वनखात्याला कळवलं, ट्रेकची काही मुलं ओल्या फांद्या घेऊन आधीच पोचली होती. भावाने आणि मी खालच्या बाजूने फांद्यांनी झोडपलं. आग आटोक्यात यायला दीड तास गेला. सकाळी वर जाऊन पाहिलं तर टिटवीची अंडी काळी पडलेली होती. जेवण घरून करून न्या. तिथे चूल मांडू नका, विडी-सिगारेट तर नकोच.

*

वाई

आमच्याकडे कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव चालू आहे, आळीआळीने, घाटाघाटावर. दर वर्षी शाल पांघरून कीर्तन ऐकायचो, यंदा लोक रात्री साडेदहालाही पायऱ्यांवर उघडेच बसले होते. माझं सहा महिन्यांचं बाळ पहिल्यांदा नदीवर आलं. टाळांच्या आवाजाला दचकलं नाही.

*

सांगली

माझे वडील तीस वर्षं हळदीच्या पेठेत हमाल होते. गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन दाखवा, पण थंडीत त्यांचा हात असा आखडायचा की बाहेर काढवत नव्हतं. गेल्या आठवड्यात हवा उबदार झाली तशी त्यांना रिक्षात घालून हरिपूरला नेलं. त्या रस्त्याच्या चिंचा त्यांना फार आवडतात. संगमेश्वराला नमस्कार केला, कृष्णा-वारणेच्या संगमाकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. वाटेत एका शेतात शिजवलेली हळद वाळत घातलेली होती. तो वास आला आणि त्यांनी माझ्या मुलाचा हात ओढला. डाव्या हाताने जमिनीत खोल, खोल, असं दाखवू लागले.

मुलाला कळेना. मला कळलं. ते पेवं दाखवत होते. हरिपूरला जमिनीखाली पेवांमध्ये हळद साठवायचे, २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. मग त्यांनी दोरी सोडल्यासारखा हात खाली नेला आणि फुंकर मारली. मी मुलाला सांगितलं : पेव उघडलं की आधी दिवा खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, माणूस उतरवायचा नाही. वडील मान हलवत होते, बरोबर, बरोबर.

आता रोज चार वाजले की ते दाराजवळच्या चपलांकडे बोट दाखवतात.