मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक ऑनलाइन कुठून घ्यावेत?

गोदाकाठ

नमस्कार. थोरल्या भावाची साठी येत्या चैत्रात आहे आणि त्याला वेताळ, मॅण्ड्रेक आणि विशेषतः बहादूर यांचे जुने मराठी इंद्रजाल अंक भेट द्यावेत, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. घरातला गठ्ठा केव्हाच रद्दीत गेला. ऑनलाइन शोध घेतल्यावर तीन प्रकारची ठिकाणे समोर आली: खरेदीची मोठी संकेतस्थळे, जिथे जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही माल लावतात, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संग्राहकांचे गट, जिथे अंकांचे लिलाव चालतात, आणि डॉलरमध्ये किंमत असलेले ईबे. एकाच अंकाला एके ठिकाणी काही शे रुपये आणि दुसरीकडे काही हजार रुपये मागितलेले दिसतात. आम्हाला गुंतवणूक करायची नाही, मात्र झेरॉक्स किंवा संगणकावरून छापलेली प्रत मूळ म्हणून गळ्यात पडू नये, एवढीच इच्छा आहे. यांपैकी कोणत्या ठिकाणी घेणे शहाणपणाचे ठरेल?

जीर्णपान

आपण ठिकाणांची तुलना विचारली आहे, पण या वस्तूच्या बाबतीत ठिकाण दुय्यम आणि विक्रेता मुख्य, असे माझे मत आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये बंद केले. त्यानंतर बाजारात जे फिरते आहे ते सारे लोकांच्या माळ्यांवरून, बंद पडलेल्या वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून निघालेले आहे. कोणत्याही संकेतस्थळाकडे स्वतःचा साठा नाही. एकच विक्रेता तोच अंक गटात एका किमतीला, मोठ्या संकेतस्थळावर दुसऱ्या आणि ईबेवर तिसऱ्या किमतीला लावतो, असे सर्रास दिसते. त्यामुळे कुठे घ्यावे यापेक्षा कोणाकडून आणि काय विचारून घ्यावे, हे आधी ठरवलेले बरे.

पहिली गोष्ट भाषेची. महाराष्ट्राबाहेरचे बरेच विक्रेते देवनागरी दिसली की हिंदी आणि मराठी यांत फरक करत नाहीत, आणि काही जण तर वर्णनात दोन्ही भाषांची नावे टाकून मोकळे होतात. मुखपृष्ठावर ‘वेताल’ असेल तर अंक हिंदी आहे आणि ‘वेताळ’ असेल तर मराठी, हे छायाचित्र मोठे करून पाहावे. ज्या अंकांच्या मुखपृष्ठावर वेताळ नाही, त्यांच्या आतल्या एका पानाचे छायाचित्र मागवावे. इंग्रजी अंकाचे मुखपृष्ठ दाखवून मराठी अंक पाठवणारेही आहेत. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही, कारण अनेकांनी छायाचित्रे दुसऱ्याच्या संग्रहातून उचललेली असतात. म्हणूनच अंकाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून छायाचित्र काढायला सांगावे. अंक खरोखर हातात असलेला विक्रेता ते काही मिनिटांत पाठवतो. नसलेला मात्र कारणे सांगत बसतो.

दुसरी गोष्ट, केवळ मुखपृष्ठावर भुलू नये. मागचे पान, कण्याची बाजू, पिना दिसतील असे मधले जोडपान आणि गोष्ट संपते ते शेवटचे पान, एवढी छायाचित्रे हवीतच. या अंकांत मधले जोडपान निसटलेले असणे ही सर्वांत जास्त आढळणारी उणीव आहे, आणि ती वरून कळत नाही. पिनांभोवती तांबूस गंजाचा डाग असला तर घाबरू नये. पन्नास वर्षे आपल्या दमट हवेत राहिलेल्या अंकाला तो असायचाच. उलट पिना चकचकीत आणि कागद मात्र पिवळा असेल, तर अंक उसवून पुन्हा शिवला आहे असे समजावे आणि पाने मोजून घ्यावीत.

संगणकावरून छापलेली प्रत ओळखणे त्या मानाने सोपे आहे. वर्तमानपत्री कागद कडांकडून आत पिवळा पडत जातो, त्यामुळे मूळ अंकात पानाच्या कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतो. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत हाच पिवळेपणा शाईने छापलेला असतो, कागदाची कापलेली कड मात्र पांढरीशुभ्र असते. बाजूने, म्हणजे सगळ्या पानांच्या कडा एकत्र दिसतील असे एक छायाचित्र मागितले की बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

थोडी माहिती जवळ असली तर विक्रेत्याची पारखही होते. बहादूर हे पात्र आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केले आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी ते चितारले. तेव्हा ‘१९७० च्या आसपासचा दुर्मीळ बहादूर’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नये. तसेच इंग्रजी मालिकेतले १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नव्हते, त्यामुळे संपूर्ण सलग संच असल्याचा दावा करणाऱ्याला या दोन क्रमांकांबद्दल सहज विचारून पाहावे. जाणकार विक्रेता हसून खरे ते सांगतो.

एका बाबतीत आपण सुदैवी आहात. अमर चित्र कथेचे अंक वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापले गेले, पुढे त्यांचे क्रमांकही बदलले, आणि त्यामुळे पहिल्या आवृत्तीची प्रत कोणती हे किंमत, जाहिराती आणि मलपृष्ठावरची शीर्षकांची यादी ताडून ठरवावे लागते. इंद्रजालचे अंक असे पुन्हा पुन्हा छापले गेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या जुन्या अंकाला एवढा खटाटोप करावा लागत नाही.

आता आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर: मी संग्राहकांच्या गटातून घेईन. तिथले विक्रेते वस्तू ओळखतात, दोष आपणहून सांगतात आणि व्हिडिओ कॉलवर पान न् पान उलगडून दाखवायला तयार असतात.

ताळेबंद

जीर्णपान यांनी पारख करण्याबद्दल लिहिलेले सर्व मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. गटात व्यवहार बिनसला तर हाती काहीच उरत नाही. अशाच एका गटात एका विक्रेत्याने माझ्याकडून यूपीआयने पूर्ण रक्कम घेतली आणि पाकिटातून रंगीत झेरॉक्स निघाली. गटचालकांनी त्याला गटातून काढले आणि माझी तक्रारही काढून टाकली, कारण म्हणे वातावरण बिघडते.

मोठ्या संकेतस्थळावरचा विक्रेता अडाणी असेल, पण तिथे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. गटातल्या अनोळखी माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी उरतो तो सायबर फसवणुकीचा १९३०, आणि तोही पैसे गेल्या गेल्या फिरवला तरच उपयोगाचा. भेटवस्तूला ठरलेली तारीख आहे, हेही विसरू नये. परतीची मुदत आणि तिच्या अटी मात्र प्रत्येक विक्रेत्याच्या पानावर स्वतंत्रपणे वाचाव्यात. जुन्या पुस्तकांना परतीची सोय पुष्कळदा नसते.

जीर्णपान

आपला अनुभव वाईट आहे आणि तक्रार काढून टाकणे हे त्याहून वाईट. पण मोठ्या संकेतस्थळावर जुन्या अंकाचे वर्णन ‘वापरलेले, चांगल्या स्थितीत’ एवढेच असते, पुष्कळदा छायाचित्रही त्या प्रतीचे नसते, आणि विक्रेत्याशी बोलण्याची सोय जुजबी असते. पैसे परत मिळतील, पण हवा तो अंक मिळणार नाही. म्हणून मधला मार्ग सुचवतो: गटातल्या विक्रेत्याकडून आधी एखादा साधा, स्वस्त अंक घ्यावा, त्याची बांधणी आणि वेळ पाहावी, आणि मगच मोठी मागणी द्यावी. चैत्राला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे होण्यासारखे आहे. गटात त्याच्याकडून आधी घेतलेल्या दोन-तीन जणांना खासगीत विचारायलाही हरकत नाही. उघड प्रतिसादांत सगळेच ‘छान, छान’ लिहितात.

हडसनपार

ईबेबद्दल थोडे लिहितो, कारण इकडे न्यू जर्सीत माझी बहुतेक खरेदी तिथूनच होते. ईबेचे भारतातले संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, पण भारतातले अनेक विक्रेते मुख्य संकेतस्थळावर आजही इंद्रजालचे अंक लावतात. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखे परदेशस्थ, आणि किमतीही त्याच हिशेबाने लावलेल्या असतात. तेव्हा भारतात राहून भारतातलाच अंक डॉलरमध्ये विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. अंक परदेशातून येणार असेल तर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअर कंपनीला द्यायची ओळखपत्रे हे सगळे आलेच.

मात्र किंमत ताडण्यासाठी ईबेचा उपयोग जरूर करावा. मागितलेली किंमत ही केवळ इच्छा असते. शोधाच्या गाळणीत ‘सोल्ड आयटम्स’ निवडले की गेल्या नव्वद दिवसांत प्रत्यक्ष कितीला सौदे झाले ते दिसते. मराठी अंक तिथे इंग्रजीपेक्षा कमी दिसतात, त्यामुळे एखाद्या सौद्यावरून भाव ठरवू नये. शिवाय घासाघीस करून व्यवहार ईबेबाहेर उरकण्याचा प्रस्ताव विक्रेत्याने ठेवला तर तो नाकारावा, कारण वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास पैसे परत देण्याची हमी फक्त त्यांच्यामार्फत पैसे भरले तरच लागू होते.

आणखी एक. अमेरिकी कॉमिक्सना सीजीसीसारख्या संस्था ०.५ ते १० असे गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात, आणि डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. इंद्रजालच्या बाजारात ही सोय जवळपास वापरली जात नाही, त्यामुळे वर्णनात ‘मिंट’, म्हणजे अगदी कोरा करकरीत, असे लिहिलेले दिसले तर त्याला विक्रेत्याचे स्वतःचे मत यापलीकडे किंमत देऊ नये. त्या डबीत काय होते, हेही सांगतो: अंक वाचता येत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गटातल्या एका विक्रेत्याला जीर्णपान यांनी सांगितल्याप्रमाणे छायाचित्रे मागितली आणि ती त्याच संध्याकाळी आली, तारखेच्या चिठ्ठीसकट. त्याच्याकडे बहादूरचे काही अंक सुटे आहेत, आणि वेताळाचे मात्र एका वाचनालयाने एकत्र बांधून घेतलेल्या जाड खंडात आहेत. खंडाची किंमत सुट्या अंकांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. तो घ्यावा का?

जीर्णपान

वाचण्यासाठी घेत असाल तर अवश्य घ्यावा. किंमत कमी असण्याची कारणे तेवढी माहीत असावीत. वाचनालये अंक एकत्र बांधताना तिन्ही बाजूंच्या कडा यंत्रावर छाटून घेत, त्यामुळे पान मूळ आकारापेक्षा लहान होते आणि कधी वरच्या चौकटीची रेघ किंवा कडेचा संवादही त्यात जातो. शिवण घट्ट असेल तर मधल्या बाजूची अक्षरे बांधणीत दडतात. काही वाचनालये मुखपृष्ठे काढून टाकत, कारण तो जाड कागद शिवणीत अडचणीचा होई, आणि संग्राहकाच्या लेखी मुखपृष्ठ गेले की अंकच गेला. शिक्के आणि सभासदांची पेन्सिलीतली नावे असणारच. मला स्वतःला ती आवडतात.

विक्रेत्याला खंडातल्या प्रत्येक अंकाचे पहिले पान दाखवायला सांगा, पानाची रुंदी पट्टीने मोजून विचारा आणि त्याच्याकडच्या सुट्या अंकाच्या रुंदीशी ताडून पाहा. फरक काही मिलिमीटरचा असेल तर बिनदिक्कत घ्या. खंड मिळाल्यावर सुटे अंक काढण्यासाठी तो उसवू नका, पाने शिवणीपाशी फाटतात. कसर लागलेली नाही ना, हे पाहण्यासाठी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचे आणि शिवणीच्या सांध्याचे जवळून घेतलेले छायाचित्रही आधीच मागवा; कसर लागलेला एक खंड कपाटात ठेवला तर शेजारच्या पुस्तकांनाही ती लागते. पाठवताना सुटे अंक गुंडाळी न करता दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून प्लास्टिकमध्ये बांधायला सांगा, आणि खंडाचे पार्सल वेगळे करायला सांगा, कारण त्याच्या वजनाने सुट्या अंकांचे कोपरे दुमडतात.