गुन्हा समाजाला ‘उपयोगी’ असेल तर शिक्षा कशाला? दुर्खीम-मर्टनमध्ये अडकलेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलंय, माध्यम मराठी. शिक्षण सगळं सायन्सचं, त्यामुळे पाटी कोरी. गुन्हा आणि विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं) या प्रकरणावर आठवडा गेला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम 1895 मध्ये म्हणतो, गुन्हा ही सामान्य बाब आहे, गुन्हा नसलेला समाज सापडायचा नाही. इथवर पटलं. पण गुन्हा समाजाच्या निरोगीपणाचा भाग आहे, असंही म्हणतो. मग पोलीस-तुरुंग हवेत कशाला? मी तसंच ठोकून दिलं. सराव चाचणीत 20 पैकी 6 आले आणि शेजारी लाल शाईत दोनच शब्द : “उपयोग कोणाला?”

दुसरं, दुर्खीमची अॅनोमी आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनची अॅनोमी एकच का? नोट्समध्ये दोन्हीकडे ‘प्रमाणकशून्यता’ (म्हणजे नियमांचा धरबंध न उरणं) लिहिलंय.

तिसरं, आजचा गुन्हेगार कधीकधी उद्याचा सुधारक ठरतो, असंही दुर्खीम म्हणतो; त्याला सॉक्रेटिस सोडून एखादं उदाहरण सुचवा. आमच्या बॅचमध्ये सगळेच सॉक्रेटिस लिहितात.

निवृत्त_मास्तर :
पोरी, उपयोग गुन्ह्याचा नाही. गुन्हा झाल्यावर लोक चिडतात ना, त्या चिडण्याचा आहे.

अभ्यासिकेत बसत असशील. तिथे चोऱ्यामाऱ्या होत नाहीत. पण दुपारी तीनच्या शांततेत कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं, की तीस माना वळतात. वर्षभर एकमेकांशी न बोललेले दोघे नजरेनंच म्हणतात, “काय माणसं असतात!” तेवढ्यात नियम पुन्हा ताजा झाला आणि ते दोघे एका बाजूचे झाले. हे काम वेफर्सनी केलं नाही, वळलेल्या मानांनी केलं. दुर्खीमचा संतांचा मठ तो हाच : सगळे संत असले तरी तिथे बारीकशी चूकसुद्धा महापाप ठरते.

म्हणून शिक्षा त्याच्या मांडणीच्या आड येत नाही, उलट सगळं काम तीच करते. 1893 पासून तो सांगतोय की शिक्षेचा रोख मुख्यतः सरळ वागणाऱ्यांवर असतो. आणि गुन्ह्यांचं प्रमाण भलतंच वाढलं तर तो आजारच, हेही त्यानं लिहून ठेवलंय. उत्तरात बहुतेक जण ते गाळतात.

कट्ट्यावरचा :
अॅनोमीचं मी घेतो. दुर्खीमकडे (1897) मंदी येवो की अचानक सुबत्ता, घडी विस्कटते आणि माणसाच्या इच्छांना लगाम राहत नाही. मर्टन 1938 मध्ये अमेरिकेबद्दल लिहितोय. तिथे इच्छा समाजच पढवतो : श्रीमंत हो, कोणीही होऊ शकतं. प्रत्यक्षात सरळ वाट थोड्यांनाच मोकळी. म्हणजे जेवणाचं आवतण सगळ्या गावाला आणि पानं वीसच मांडलेली. मग कोणी निमूट रांगेत राहतो, कोणी मागच्या दारानं शिरतो, कोणी जेवायचं विसरून रांगेचेच नियम पाळत बसतो, कोणी उठून निघून जातो, कोणी म्हणतो पंगतच नव्यानं मांडा. हे त्याचे पाच प्रतिसाद. मागच्या दारानं शिरणारा तो ‘नवोपक्रम’. चोरी, लाच, फसवणूक तिथे.

पण शाळेच्या काचा फोडणाऱ्या पोराला काय मिळतं? पैसा तर नाही. तिथे अल्बर्ट कोहेन (1955) घे : शाळेच्या मापात नापास ठरलेली पोरं मापच उलटं करतात.

तिरकस :
उदाहरण : र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये प्राध्यापकी गेली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, त्यावर अश्लीलतेचे खटले. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि 1952 मध्ये सरकारनंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. मात्र हे सगळ्या गुन्ह्यांना लावू नका. पाकीटमार काही उद्याचा सुधारक नसतो.

लाल शाईला उत्तर हवं असेल तर समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन वाचा (‘काय’ हे नाव आहे, प्रश्न नाही). अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या) वसाहतीवर त्यानं 1966 मध्ये लिहिलं. तिथे आपण कोण, हा प्रश्न सैल झाला की नवा शत्रू सापडायचा : आधी धर्ममतात वेगळे पडलेले, मग क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक, मग 1692 मध्ये सेलमच्या चेटकिणी. सीमारेषा ठळक झाली असेल, पण सेलममध्ये 19 जणांना फाशी झाली. त्यांना कसला उपयोग? प्रकार्यवादी (प्रत्येक गोष्टीचा समाजाला काय उपयोग, असं बघणारे) ‘समाज’ म्हणतात तेव्हा त्यात कोण धरलंय, हे विचारायचं. तुमच्या तपासनिसांनी तेच विचारलंय.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार! पहिलं वाक्य नव्यानं लिहिलंय, बघा : “आपली मूल्यं टिकवण्यासाठी समाज गुन्हेगाराला शिक्षा द्यायचं ठरवतो.”

निवृत्त_मास्तर :
‘ठरवतो’ खोड. वेफर्सच्या आवाजाला मान वळवताना कोणी मूल्यं टिकवायचं ठरवलेलं नसतं. लोक चिडतात, शिक्षा देतात. मूल्यं टिकतात हा त्याचा परिणाम. कारण आणि कार्य वेगळं ठेव, बाकी मर्टनच्या परिच्छेदासकट पुन्हा टाक.