‘आल्फ्रेड’ म्हणजे नेमकं काय?

– आल्फ्रेड नावाचा अर्थ जिथे तिथे ‘सुज्ञ सल्लागार’ असा दिलेला दिसतो. यातला सल्ला कुठून आला, आणि ‘आल्फ’चं काय?

– नावांच्या याद्यांत निम्मा अर्थ गाळलेला असतो. जुन्या इंग्रजीत हे ‘ॲल्फरॅड’. ‘रॅड’ म्हणजे मसलत. जर्मन ‘राट’ त्याचंच भावंड, म्हणून तिकडे नगरपालिकेची इमारत ‘राटहाउस’. आणि ‘ॲल्फ’ म्हणजे सरळ एल्फ! एल्फांची मसलत लाभलेला तो आल्फ्रेड.

– एल्फ म्हणजे नाताळबाबाची खेळणी बनवणारे ते टोकदार कानांचे बुटके? इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला असलं नाव?

– ते ध्यान फार अलीकडचं. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या काव्यात ‘एसिर आणि आल्फ’, म्हणजे देव आणि एल्फ, असा जोडीनं उल्लेख येतो. फ्रेयर देवाला दात आला तेव्हा देवांनी त्याला भेट दिली ती एल्फांची भूमी, आल्फहाइम. जुन्या इंग्रजी काव्यात बायबलमधली सारा ‘एल्फासारखी देखणी’ आहे. पण त्याच भाषेत कुशीत एकाएकी चमक भरली तर उतरवायला मंत्र आहे, त्यात एल्फांनी मारलेला बाणही काढायचा असतो. देखणे, सामर्थ्यवान, प्रसन्न झाले तर देणारे आणि बिनसलं तर बाधणारे. मला तर आपले यक्षच आठवतात.

– पण तो आल्फ्रेड, इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा (राज्यकाल 871 ते 899), पक्का ख्रिस्ती होता ना?

– होता. 1012 मध्ये डेन लोकांनी मारलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपचं नावही ‘ॲल्फहेआ’, आणि तो संत मानला जातो. देव बदलले तरी घराण्यातली नावं चालू राहिली. शिवाय दोन शब्द जोडून नाव करायची रीत असल्यानं दरवेळी कुणी अर्थ बघत असेल असं वाटत नाही. तरी लोकांना तो कळत होता. ‘एथेलरेड’ म्हणजे ‘थोर मसलत’. पुढे त्या नावाच्या एका राजाला ‘अनरॅड’, म्हणजे मसलतीच्या नावानं शून्य, असं चिडवलं गेलं. झकास कोटी!

– अलाहाबादचं आल्फ्रेड पार्क याच राजाचं का?

– नाही, ते राणी व्हिक्टोरियाच्या दुसऱ्या मुलाच्या नावाचं. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची नावं आली आणि आल्फ्रेड हे नाव मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा झोकात आलं. चंद्रशेखर आझादांना 27 फेब्रुवारी 1931 रोजी वीरमरण आलं ते याच आल्फ्रेड पार्कात. आता त्याला आझादांचं नाव आहे.