विषय: सिनेमा संपल्यावर बोलायचं कुणाशी?

नाशिकहून, शुक्रवार रात्र

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नाशिकला परत येऊन १४ महिने झाले, घर लागलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता कुठे जरा निवांत वेळ मिळायला लागलाय आणि त्या वेळात एक गोष्ट फार जाणवतेय, ती तुम्हालाच सांगावीशी वाटली कारण ही सवय तुमच्यामुळेच लागली. सिनेमा बघून झाल्यावर बोलायला माणूस नाहीये.

इंग्लंडला, लेस्टरमध्ये आपला महिन्याचा पहिला शनिवार असायचा, आठवतंय ना, हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा बघायचा आणि मग चहा. खरं तर सगळे त्या चहासाठीच यायचे, कुणी खिचडी आणायचं, कुणी चिवडा, आणि केअरटेकर किल्ल्या घेऊन दारात येऊन उभा राहिला तरी आपलं शेवटच्या सीनवरनं बोलणं चालूच असायचं. इथे आल्यावर मला वाटलं होतं की आता तर काय, सगळीकडे मराठीच माणसं, आता बोलायला तोटा नाही. पण तसं झालं नाही. नाटकाचं वेगळं आहे, कालिदासला प्रयोग सुटला की लोक बाहेर घोळका करून बोलत उभे राहतात, मी स्वतः त्यांच्यात उभी राहिलेय. सिनेमा सुटला की मात्र सगळे पार्किंगकडे पळतात. सोसायटीच्या ग्रुपवर मी एकदा एका सिनेमाबद्दल चांगल्या वीस-बावीस ओळी लिहिल्या, अंगठे आले, उत्तर एकही नाही. मग नेटवर एका मोठ्या ग्रुपात गेले, तिथे रोज दोन हिरोंच्या चाहत्यांची भांडणं, आणि नवीन सिनेमा आला की पहिल्या दिवशी दुपारी शेवट काय आहे ते फोटोसकट टाकलेलं असायचं. दीड महिन्यात बाहेर पडले.

मी लहान असताना बाबा विजयानंदला शेवटच्या खेळाला न्यायचे आणि येताना होळकर पुलावरून पंचवटीपर्यंत चालत यायचो. गोदावरीवरचा गार वारा, रस्त्यावर कुणी नाही, आणि बाबा एकच प्रश्न विचारायचे. आवडला का असं कधीच नाही विचारलं त्यांनी. विचारायचे, डोळे मिट, काय दिसतंय? मग मी सांगायचे, ती बाई दाराला टेकून उभी होती ते दिसतंय. मग ते म्हणायचे, का बरं तेवढंच राहिलं? घर येईपर्यंत आम्ही त्या एका दारावर बोलायचो. मला तेच परत हवंय. तुमच्यापैकी कुणाला हवंय का?

– नाशिक

*

सिडनीहून, शनिवार

ताई,

मेल वाचून लगेच लिहायला बसलो. मला हवंय. मी इकडे येऊन ६ वर्षं झाली, इथल्या मंडळात गणपती आणि दिवाळी जोरात होते पण सिनेमा म्हणजे एखादा नवीन मराठी पिक्चर आला तर एका रविवारचा एक शो, तिकिटं संपतात, फोटो काढतात, घरी. मी एकटा बसून सिरीज बघतो, आठ आठ एपिसोड एका रात्रीत, आणि सकाळी ऑफिसला जाताना डोक्यात सगळं घोळत असतं आणि सांगायला कुणी नसतं. बायकोला क्राईम आवडत नाही.

पण ताई एक अडचण आत्ताच सांगतो. आपण सगळे एकच गोष्ट बघू शकणार आहोत का? तुमच्याकडे ओटीटीवर जे दिसतं ते इकडे त्याच ॲपवर दिसत नाही, कारण हक्क देशानुसार विकलेले असतात. मागे मावसभावाने पुण्याहून एक सिनेमा सुचवला, इथे शोधला तर यादीतच नाही. आणि दुसरं वेळेचं. तुमचे रात्रीचे ८ म्हणजे माझे मध्यरात्रीचे साडेबारा.

– सिडनी

*

लेस्टरहून, शनिवार

ताई, तुमच्या मागे तो पहिला शनिवार बंदच पडला हो. हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, पण पुढाकार घेणारं कुणी राहिलं नाही आणि मुलं मोठी झाली तशी त्यांना सबटायटलशिवाय कळत नाही, ती येत नाहीत मग आईबापही येत नाहीत.

मला एक सांगायचंय, माझ्या सासूबाई ओझरला असतात. त्या संध्याकाळी ७ ते ९ मालिका बघतात आणि ९ वाजून ५ मिनिटांनी सिन्नरच्या बहिणीला फोन लावतात. रोज. तिने असं का केलं, त्याला कळलं कसं नाही, उद्या काय होणार, अर्धा तास. आम्ही सुट्टीला गेलो की आधी मला हे बालिश वाटायचं, आता वाटत नाही. त्या दोघींनी तेच, त्याच वेळेला बघितलेलं असतं, म्हणून बोलता येतं. आपल्या लहानपणी टीव्हीचंही हेच होतं ना. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर कितीतरी वर्षं घरात एकच चॅनेल होतं, चिमणराव लागला की अख्खा वाडा एका टीव्हीपुढे, दुसऱ्या दिवशी शाळेत, नळावर, बसमध्ये सगळीकडे तोच विषय. आवड जुळायची गरजच नव्हती, सगळ्यांनी तेच बघितलेलं असायचं. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा स्क्रीन आहे, मी बघतेय तो तिसरा एपिसोड तुमचा कधीचाच बघून झालेला असतो, मग मी म्हणते थांब सांगू नकोस, आणि तिथेच बोलणं संपतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सिनेमे कुठले हे नंतर बघू, आधी तारीख ठरवू. त्या तारखेपर्यंत सगळ्यांनी बघून यायचं. ज्याने नाही बघितला त्याने ऐकायला यायला हरकत नाही पण मग शेवट सांगितला म्हणून कुरकुर करायची नाही.

– लेस्टर

*

न्यू जर्सीहून, शनिवार रात्र

सगळ्यांना नमस्कार. मी पण येणार. मोठा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र नको ही कळकळीची विनंती. मी तीन ग्रुपात होतो आणि तिन्हीकडे एकच झालं, २० जण असेपर्यंत मजा येते, ३००च्या वर गेले की कुणी कुणाचं वाचत नाही, फॉरवर्ड सुरू होतात आणि ज्यांना खरंच बोलायचं असतं ते गप्प बसतात. महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करू, ८-१० माणसं, कॅमेरा चालू. माणूस बोलताना दिसला की आपण त्याला पुरतं बोलू देतो, टाईप करताना तेवढा धीर राहत नाही.

वेळेचं मी बघितलं. नाशिकचे रविवारचे संध्याकाळचे ५ धरले तर सध्या लेस्टरला दुपारचे साडेबारा, सिडनीला रात्रीचे साडेनऊ आणि मला सकाळचे साडेसात. मी उठेन. रविवारी साडेसातला उठायला मला या कारणासाठी काही वाटणार नाही.

सबटायटल आणि हक्काचं काय करायचं ते मला सुचत नाहीये.

– न्यू जर्सी

*

नाशिकहून, सोमवार

तुमच्या मेल मी आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. ओझरच्या सासूबाई आणि त्यांच्या बहिणीचा नंबर ती मागतेय.

पहिला सिनेमा मी सुचवते आणि मला वाटतं तो सगळ्या अडचणीतून सुटतो. फाळक्यांचा 'कालिया मर्दन', १९१९ चा. मूकपट आहे, पोरांना मराठी येवो न येवो, काही अडत नाही. नेटवर फुकट बघता येतो आणि तिन्ही देशात दिसेल, कारण इतका जुना की त्याचे हक्क कधीच संपलेत, आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराईट प्रदर्शनानंतर ६० वर्षंच असतो. तासाभरात बघून होतो. आणि हा आपल्या नाशिकचा आहे. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये, 'राजा हरिश्चंद्र' दादरला केला आणि १९१३ मध्येच बिऱ्हाड आणि सगळं सामान घेऊन नाशिकला आले, पुढची हिंदुस्थान फिल्म कंपनीही इथलीच. गेले तेही नाशिकलाच, १६ फेब्रुवारी १९४४ ला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, परवा मी मुद्दाम गेले होते, पोरं बागेत खेळत होती, छान वाटलं, पण माझ्याजवळच्या बाकावर बसलेल्या कॉलेजच्या दोन मुलींना विचारलं की त्यांचा एखादा सिनेमा बघितलाय का तर म्हणाल्या, तो मिळतो का बघायला? मिळतो! हेच मला सांगायचंय सगळ्यांना. त्या दोघी पण येणार आहेत.

मी काल रात्री परत बघितला. सुरुवातीला कृष्ण नसतोच, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी असते, साधी लहान पोर, कॅमेऱ्यापुढे बसून चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते, आणि मग तीच पोर कृष्ण होते. आपला बाप कॅमेऱ्यामागे आहे हे तिला माहीत आहे असं मला सारखं वाटत राहतं. बाकी काही सांगत नाही. बघून या, आणि येताना प्रत्येकाने डोळे मिटल्यावर दिसणारं एक चित्र घेऊन या, एवढंच. स्टार द्यायचे नाहीत, चांगला-वाईट नंतर.

– नाशिक

*

लेस्टरहून, पुढच्या सोमवारी

काल ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय. ९ जण होते, ठरलं होतं एक तास, बोललो २ तास १० मिनिटं.

सिडनीच्या भाऊंना यमुनेच्या काठावर उभी असलेली माणसं दिसत होती. पाण्याखाली कृष्ण नागाशी झुंजतोय आणि वर काठावर नुसती माणसं वाट बघतायत, परत खाली, परत वर, १९१९ मध्ये हे असं इकडून तिकडे नेणं सुचलं कसं, यावर ते बोलत राहिले आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. माझी १५ वर्षांची मुलगी अर्ध्या तासाने उठून जाते म्हणाली होती, ती शेवटपर्यंत बसली आणि तिने विचारलं, कृष्ण मुलगी का आहे? मग न्यू जर्सीवाल्यांनी सांगितलं की 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली होती, आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. मुलगी म्हणाली, म्हणजे सहा वर्षांत बाईचं काम करणाऱ्या पुरुषापासून देव झालेल्या मुलीपर्यंत आले ते. मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी आम्ही दोघी शेवटचं एवढं कधी बोललो मला आठवत नाही.

ताईंच्या आईंनी मात्र सगळ्यांत छान सांगितलं. त्यांना नाग दिसत नव्हता, काठ दिसत नव्हता, त्यांना ते पहिलं दिसत होतं, साध्या कपड्यातली पोर. म्हणाल्या, तिला काय काय करून दाखवायला सांगितलं असेल बापाने, आणि ती न कंटाळता करतेय. मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, हिचे बाबा पण हिला असंच विचारायचे रात्री पुलावरनं येताना. ताई कॅमेऱ्यातून उठून गेल्या आणि पाच मिनिटांनी चहा घेऊन आल्या.

पुढचा सिनेमा सिडनीच्या भाऊंनी सुचवलाय, फैझा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी. म्हणजे परत नाशिक जिल्हाच. यंत्रमागावर काम करणारा माणूस सुपरमॅन होतो, हिरव्या कापडापुढे त्याला उडवतात, आणि ही सगळी मंडळी हातात जे आहे त्यातून सिनेमा उभा करतात. सिडनी आणि न्यू जर्सीने आपापल्याकडे दिसते का ते गुरुवारपर्यंत बघून कळवा, नसेल दिसत तर दुसरं काढू.

आणि घड्याळांचं लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनी एक तास पुढे जाईल, शेवटच्या रविवारी आम्ही मागे येऊ, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यू जर्सी. नाशिकचे ५ तसेच राहतील, आपण सगळ्यांनी नाशिकप्रमाणे धरायचं.

– लेस्टर