फिल्म इन्स्टिट्यूटचा अर्ज: स्वतःविषयीच्या निवेदनात काय लिहावे?

प्रश्न – कोथरूडची विद्यार्थिनी

नमस्कार. मी यंदा वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण करत असून दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमासाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे अर्ज करणार आहे. लेखी परीक्षेची तयारी सुरू आहे. अडले आहे ते स्वतःविषयीच्या निवेदनापाशी. 'मला लहानपणापासून चित्रपटांची आवड आहे' या वाक्यापुढे लेखणी सरकत नाही. घरात या क्षेत्रातले कुणी नाही आणि माझ्याकडे फोनवर केलेला चार मिनिटांचा एक लघुपट तेवढा आहे. त्याचा उल्लेख करावा का?

उत्तर – माजी विद्यार्थी, संकलन

ते वाक्य आधी खोडून टाका. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला आवड असतेच, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. मी माझ्या निवेदनात शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याविषयी लिहिले होते. भर दुपारीही तिथे इतका अंधार असे की, येणारा माणूस आधी चपलांच्या आवाजावरून ओळखू येई आणि चेहरा दिसे तो शेवटच्या तीन पायऱ्यांवर. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या जिन्यावरच गेला: कॅमेरा वर ठेवाल की खाली, नुसता आवाज किती वेळ ऐकू द्याल, चेहरा दिसण्याआधी कट कराल का? कॅमेरा वर ठेवीन, असे मी आधी म्हणालो. मग विचार करून उत्तर बदलले आणि का बदलले तेही सांगितले. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

लघुपटाचा उल्लेख जरूर करा. मात्र त्यातले कोणते दृश्य फसले आणि का फसले, हे स्वतःशी स्पष्ट करून ठेवा.

उत्तर – ध्वनिमुद्रक, एरंडवणे

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर घालतो. दिग्दर्शनासाठी अर्ज करणारी मुले दृश्यांविषयी भरभरून बोलतात आणि आवाजाविषयी गप्प राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या आवारात तुम्हाला शिकायचे आहे, तो मुळात प्रभातचा स्टुडिओ. कोल्हापूरची ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि १९६० साली त्याच जागेत इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणाऱ्या जोडीपैकी दामले ध्वनिमुद्रणातले जाणकार होते आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. तो चित्रपट एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका आणि एकदा आवाज बंद करून पाहा. दोन्ही वेळा काय हरवले ते वहीत लिहून ठेवा. तयारीसाठी शंभर चित्रपटांची यादी संपवण्यापेक्षा पाच चित्रपट असे पाहिलेत, तर मुलाखतीत बोलायला स्वतःचे काहीतरी असेल.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. माझा लघुपट वडिलांचे किराणा दुकान रात्री बंद होण्याच्या वेळेवर आहे. शटर अर्धे खाली ओढल्यावर ते गल्ल्यातली नाणी मोजतात, त्या आवाजावर मी पार्श्वसंगीत चढवले होते. आज ते काढून पाहिले, तेव्हा मोजताना त्यांच्या तोंडून हलकेच निघणारे आकडे मला पहिल्यांदा ऐकू आले. निवेदनाची सुरुवात आता तिथूनच करते आहे.