पिओरिया (इलिनॉय) : घर घ्यावं की आधी भाड्याने राहावं?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला कॅटरपिलरमध्ये (बुलडोझरसारखी अवजड यंत्रं बनवणारी कंपनी) नोकरी लागली आहे. उन्हाळ्यात नेपरव्हिलहून पिओरियाला बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगी चौथीत जाईल. तिकडे राहणाऱ्या किंवा राहून आलेल्यांचा सल्ला हवा आहे.

शिकागोच्या उपनगरांतल्या किमतींची सवय झाल्यावर पिओरियातली घरं फारच स्वस्त वाटतात. नवरा म्हणतो, भाडं कशाला, हप्ताच भरू. पण इलिनॉयचा प्रॉपर्टी टॅक्स हप्त्यात धरला की ती स्वस्ताई बरीच विरते. शिवाय लिस्टिंगवर दिसतो तो आधीच्या मालकाचा टॅक्स. मालक ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांची सवलत आपल्याला मिळत नाही. एका घराचं बिल मला त्यामुळेच कमी दिसत असावं. नेमका आकडा टाउनशिपच्या असेसरकडे (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी) विचारायचा की काउंटीत?

खरी धास्ती पुढे विकायची वेळ आली तर, याची आहे. कॅटरपिलरने 2017 मध्ये मुख्यालय पिओरियाहून शिकागोजवळच्या डीअरफील्डला हलवायचं ठरवलं आणि 2022 मध्ये तिथूनही टेक्सासला न्यायचं जाहीर केलं. त्या भागात कंपनीच्या हजारो नोकऱ्या अजून आहेत, ओएसएफचं मोठं हॉस्पिटल आहे, ब्रॅडली विद्यापीठ आहे, हे सगळं मान्य. पण 1970 मध्ये सव्वा लाखावर असलेली पिओरिया शहराची वस्ती 2020 च्या जनगणनेत 1 लाख 13 हजारांवर आली. उद्या नोकरकपात झाली तर सगळ्यांचीच घरं एकदम बाजारात येतील. म्हणून माझा कल वर्षभर भाड्याने राहण्याकडे आहे.

शाळेचा प्रश्न वेगळाच. शहराच्या उत्तरेला काही घरांचा पत्ता पिओरियाचा, पण शाळा डनलॅप डिस्ट्रिक्टची. त्यासाठी जास्त पैसे मोजणं योग्य आहे का? की नदीपलीकडे मॉर्टन, वॉशिंग्टन बघावं?

मनात भरलंय ते मात्र पिओरियातल्याच वेस्ट ब्लफ या जुन्या भागातलं विटांचं घर. ओकची फरशी अजून चकचकीत आहे. पण तळघराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पांढरे क्षार फुटलेत आणि कोपऱ्यात डीह्युमिडिफायर चालू होता. एजंट म्हणाला, जुन्या घरात एवढी ओल असायचीच. रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासणी तर करूच, पण भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवावा का? वॉटरप्रूफिंगवाला शेवटी स्वतःचंच काम गळ्यात मारणार.

तिथलं घर कुणी अलीकडे विकलं असेल तर गिऱ्हाईक मिळायला किती महिने लागले, तेवढं कृपया नक्की लिहा.