२८ इंची रॉड ब्रेक सायकल: ३६ होलच्या रिमा आणल्या, आता हब आणि कॅलिपरचं काय?

मनीषनगर_अपडाउन
जुनी २८ इंची काळी सायकल, रॉड ब्रेकची. फ्रेम सरळ, कुठे तडा नाही. नागपुरात मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स रोज चालवायची म्हणून हलकी करतोय. ७०० सी मापाच्या अल्युमिनियमच्या दोन रिमा घेतल्या, ३६ होलच्या. दुकानदार म्हणतो जुन्या हबवर (चाकाचा मधला भाग, आरे जिथे अडकतात) चढणार नाहीत. खरं का? कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक) लागतील का? डावी क्रँकही (पायडलचा दांडा) लचकते.

छर्रे_ग्रीस
दुकानदार बरोबर सांगतो. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ३६च्या रिमला हबही ३६चाच हवा.

दुसरी अडचण मापाची. जुन्या २८ × १½ टायरची रिम ६३५ मिमी व्यासाची, ७०० सी ६२२ची. म्हणजे रिमची कड साडेसहा मिमी खाली जाते. क्राउनच्या (फोर्कचा वरचा सांधा) भोकापासून रिमवरच्या ब्रेकच्या पट्टीपर्यंत मोजून बघा. सहज मिळणारे रोड कॅलिपर ४७ ते ५७ मिमीचे, ते बहुतेक पोचणार नाहीत. भोकच नसेल तर क्राउनला ड्रिल मारू नका, फोर्क तुटला तर थेट तोंडावर पडाल.

जुन्याच रिमवर कॅलिपर? तेही नाही. वेस्टवूड (रॉड ब्रेकच्या) रिमच्या कडा गोल असतात, सपाट पट्टीच नसते. रॉड ब्रेकचं रबर आतून, आऱ्यांच्या बाजूने रिमला लागतं.

मी म्हणेन पुढचं चाक आहे तसं ठेवा, रॉड ब्रेकसकट. नवी एक रिम मागे वापरा, ३६ होलच्या कोस्टर ब्रेक हबवर (पायडल उलटं दाबलं की ब्रेक). असे हब साधारण ११० मिमी रुंद मिळतात, जुन्या फ्रेममध्ये फार ताणावं लागत नाही. हबचा ब्रेक आर्म चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) क्लिपने घट्ट आवळायला विसरू नका. तो सुटला तर ब्रेक लागत नाही आणि आर्म फिरून आऱ्यांत जातो. टायर ७०० × ३८ घाला. सायकलची मागची बाजू सात-आठ मिमी खाली येईल, चालवताना कळतही नाही. फक्त ट्यूब दोन मापांच्या ठेवाव्या लागतील.

दाते पुढे ४४, मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर. पुलाची चढण जड वाटली तर मागे २० घाला, ४.८ होतं. नागपूरच्या सपाट रस्त्याला गियर कशाला?

कॉटरपिन
डाव्या क्रँकचं: लचकते म्हणजे बहुतेक कॉटर पिन (क्रँक धुरीला पक्की धरणारी खीळ) झिजली. तेल सोडून रात्रभर ठेवा. नट पूर्ण काढू नका बाप्पा, पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, नाही तं आटे चेपतात. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा उभा टेकवा आणि एकच जोरदार हातोडा. हळूहळू ठोकलं तर पिन वाकते.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या, ९ आणि ९.५ मिमी दोन्ही असतात. दोन्ही क्रँकच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाही तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

उघडलंच आहे तर क्रँकच्या धुरीचे छर्रेही बदला: पाव इंची, दर बाजूला ११. चेनकडचा कप सहसा उलट्या आट्याचा असतो, जोर लावायच्या आधी बघा.

मनीषनगर_अपडाउन
मग पुढची रिम तीच. तिच्यावरचा गंज?

छर्रे_ग्रीस
प्लास्टिकच्या टबात लिटरला ३०-४० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. टायर-ट्यूब काढून १२ तास, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. हातमोजे घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका. क्रोम उडालेलं असेल तिथे काळपट डाग राहतील. आणि पावसात स्टील रिमवर ब्रेक उशिरा धरतो, पहिले दोन-तीन फेरे रबर फक्त पाणीच पुसतं.